रश्शावरची तर्री आणि फ्रिजवरचा कागद : खानावळीच्या मावशींना आभारपत्र

आदरणीय मावशी,

सादर नमस्कार.

कोलेस्टेरॉल वाढलं की आम्ही आहाराचं काम करणारी मंडळी रुग्णाच्या हातात एक कागद देतो. तेल दिवसाला ३ चमचे, संपृक्त (गारव्यात गोठणारी) चरबी कमी, तंतुमय पदार्थ जास्त, रोज चालणे. कागद बरोबर असतो. तो घरी जाऊन फ्रिजवर चिकटतो आणि तिथंच पिवळा पडतो. तुम्ही तो खाली काढून पळी, वाटी आणि पातेल्यात उतरवून दिलात, म्हणून हे पत्र. जाहीर अशासाठी, की तुमच्या युक्त्या कोल्हापुरातल्या इतर घरांनाही उपयोगी पडाव्यात.

पहिली चूक तुम्हीच दाखवलीत. आमच्या कागदावरचा चमचा ५ मिलीचा. फोडणीला मात्र पळी लागते, आणि ती घराघरात वेगळी. कुठं २५ मिलीची, कुठं ४० ची. "तीनच चमचे घालते" म्हणणारी बाई खोटं बोलत नसते, तिचा चमचा मोठा असतो. तुमचा उपाय असा : माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल, म्हणजे चौघांच्या घराला २ लिटर. १ तारखेला ते वेगळ्या कॅनमध्ये भरायचं आणि कॅनवर पेनानं चार रेघा मारायच्या, आठवड्याला एक. माणशी हिशेब दिवसाला साधारण १५ ग्रॅमवर येतो, म्हणजे आमचेच ३ चमचे. कॅन २२ तारखेला संपला तर मधे कुठं तरी भजी किंवा पुऱ्या झालेल्या असतात. तळून उरलेलं तेलही ह्याच हिशेबात, आणि ते पुन्हा तळणीला न वापरता दोन दिवसांत फोडणीत संपवायचं. (हॉटेलांसाठीही १ जुलै २०१८ पासून नियम आहे : तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगं (तेल तापून तापून खराब होताना बनणारे पदार्थ) २५ टक्क्यांवर गेली की ते तेल बाद. तपासतंय कोण, हा वेगळा विषय.)

पण कोल्हापुरात खरा मुद्दा तेलाचा नाही, खोबऱ्याचा आहे. शेंगतेलात संपृक्त चरबी पाचव्या हिश्श्याच्या आत असते. सुक्या खोबऱ्याच्या २५ ग्रॅममध्ये चरबी १६ ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातली तब्बल १४ ग्रॅम संपृक्त. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरवताना दिवसाची मर्यादाच १५-१६ ग्रॅम असते. एलडीएल रक्तातून ओढून घेणारी दारं यकृताच्या पेशींवर असतात. ती शोधणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टाईन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. संपृक्त चरबी जास्त झाली की ही दारं कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. अंड्यातल्या कोलेस्टेरॉलला घाबरून पिवळा बलक टाकणारा आणि वर पांढऱ्या रश्शाच्या दोन वाट्या पिणारा माणूस म्हणूनच चुकतो. नारळाचं दूध, काजू आणि मटणाचं अळणी (मटण शिजवलेलं पाणी) एकाच वाटीत असतं.

तांबड्या रश्शाचं तुमचं माप आम्ही इथं जसंच्या तसं देतोय. आठ माणसांना १०० ग्रॅम खोबरं लागायचं, तुम्ही ३० ग्रॅमवर आणलंत. उरलेला दाटपणा दोन मोठे चमचे डाळवं, एक मोठा चमचा तीळ आणि तीन मोठे कांदे ह्यांच्यावर. कांदे तेलात तळायचे नाहीत, सालीसकट जाळावर काळे होईपर्यंत भाजायचे. खोबरं कोरडं भाजायचं. तेल चार मोठे चमचे, त्याहून जास्त नाही. डाळवं तीन चमचे झालं की रस्सा पिठल्यासारखा होतो आणि बुडाला लागतो.

कमी तेलात कांदा-लसूण मसाला लगेच जळतो आणि सगळं पातेलं कडू होतं, हे नव्यानं करणाऱ्याच्या हमखास वाट्याला येतं. तुमची रीत साधी : मसाला पडला की पाठोपाठ पाण्याचा हबका, पुन्हा परतणं, पुन्हा हबका. तर्रीचं म्हणाल तर मिरचीचा लाल रंग तेलातच उतरतो, पाण्यात नाही, म्हणून तेल कमी केलं की रस्सा फिका दिसतो आणि जेवणारा "आज काय झालंय वो मावशी?" म्हणून विचारतो. ब्याडगी मिरची गरम पाण्यात अर्धा तास भिजवून बारीक वाटून घातली की रंग रश्शाच्या अंगातच येतो. वर तरंगायला थोडी तर्री पुरते.

आणि अळणी. आदल्या रात्री मटण शिजवून अळणी गाळून फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी वर पांढरी कडक थाळी जमलेली असते, मेणासारखी. सुरीच्या टोकानं कडेनं सोडवली की अख्खी निघते. ती उचलून टाकायची. लोकांना दहा व्याख्यानांनी जे पटत नाही ते ही एक थाळी हातात घेतली की पटतं. मटण घेताना चरबी काढून घ्यावी आणि भेजा नको, हे वेगळं सांगायला नकोच.

दुधात बहुतेक घरं फसतात. ६ टक्के स्निग्धांशाचं म्हशीचं दूध अर्धा लिटर प्यायलं की ३० ग्रॅम चरबी, त्यातली दोन तृतीयांश संपृक्त. साय काढली म्हणून लोक निर्धास्त असतात. ती साय विरजणात जाते, तिचं लोणी होतं, लोण्याचं तूप, आणि तूप गरम भातावरून त्याच माणसाच्या पोटात परत येतं. तुम्ही सरळ डबल टोन्ड दूध लावलंत. १.५ टक्क्यांचं. चहाला कुणाला फरक कळला नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण पिणाऱ्यांना हे सांगणं जिवावर येतं, पण तालमीतले पैलवान दूध-तूप जिरवतात ते शेकड्यांनी जोर-बैठका मारून. तालीम सुटली आणि खुराक तसाच राहिला, अशी माणसं आमच्याकडं फार येतात.

काय कमी करायचं त्याइतकंच काय घालायचं हेही महत्त्वाचं. टोरोंटोचे डेव्हिड जेंकिन्स यांनी २००३ मध्ये भेंडी, वांगी, जव, ओट्स, इसबगोल, सोया, बदाम आणि वनस्पती स्टेरॉल (कोलेस्टेरॉल आतड्यात शोषू न देणारे वनस्पतींतले पदार्थ) एकत्र करून जेवण दिलं, आणि महिन्याभरात एलडीएल जवळजवळ २९ टक्क्यांनी उतरलं. पुढं २०११ च्या अभ्यासात लोकांना फक्त सल्ला देऊन आपापल्या घरी खायला सांगितलं, तेव्हा सहा महिन्यांनी उतार १३ टक्क्यांच्या आसपास होता. मधली तूट स्वयंपाकघरातली आहे, आणि तुम्ही नेमकी तीच भरून काढताय. मिसळीत मटकीची उसळ दुप्पट, फरसाण मूठभरच, कट तर्री बाजूला सारून. आठवड्यातून तीनदा हुलगा, चवळी किंवा राजमा. जवसाची चटणी रोज एक मोठा चमचा.

इसबगोलाचं माप दिवसाला १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन मोठे चमचे, पण पहिल्याच दिवशी एवढं घेतलं की पोट फुगतं आणि माणूस सोडून देतो. पहिला आठवडा एक छोटा चमचा, मग वाढवत जायचं. २५० मिली पाण्यात ढवळून फुगायच्या आत प्यायचं. गिळायला त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये. थायरॉईडच्या गोळीपासून चार तास, इतर गोळ्यांपासून दोन तास दूर. हा तंतू आतड्यात पित्तातली आम्लं धरून बाहेर नेतो, नवं पित्त करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते यकृत रक्तातून घेतं.

एक फसगत आणखी. तूप सोडून लोक बिस्किटं, भडंग आणि गुळाच्या चहाकडं वळतात. गूळ आपल्या जिल्ह्याचा असला तरी ट्रायग्लिसराईडला (रक्तातल्या दुसऱ्या चरबीला) ते कळत नाही, ते वाढतंच.

व्यायामाबद्दल खरं सांगायचं तर चालण्यानं एलडीएल थोडंच उतरतं. ट्रायग्लिसराईड चांगलं उतरतं, एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, किंचित वाढतं, वजन ताब्यात राहतं. आठवड्याला १५० मिनिटं, मिनिटाला निदान १०० पावलं. बोलता यावं, गाणं म्हणता येऊ नये. रंकाळ्यावर गप्पा मारत रेंगाळण्याला आम्ही चालणं धरत नाही, आणि फेरीच्या शेवटी भेळ झाली तर हिशेब उलटाच होतो. दोन दिवस बैठका किंवा भिंतीला टेकून जोर, १०-१२ चे दोन-तीन फेरे.

तपासणी ६ ते १२ आठवड्यांनी. श्रावणाच्या शेवटी रक्त देऊन खूश होऊ नका, तो रिपोर्ट श्रावणाचा असतो, वर्षाचा नाही. ताप किंवा मोठ्या आजारपणात आकडा खोटाच कमी येतो. ट्रायग्लिसराईड ४०० च्या वर असेल तर इतर आकड्यांवरून सूत्रानं काढलेला एलडीएलचा आकडा धरू नये, थेट मोजून घ्यावा. आणि आहार सुरू करण्याआधी टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) एकदा बघावं. थायरॉईड मंद असेल तर भेंडी-वांग्यानं काही होत नाही.

तुमच्या खानावळीत एकजण कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल "आता गोळी बंद केली" म्हणाला, तेव्हा तुम्ही त्याला वाढायचं थांबवून आधी डॉक्टरांकडं पाठवलंत. त्याबद्दलचे आभार सगळ्यांत मोठे. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेलाय, स्टेंट आहे, चाळिशीपुढं मधुमेह आहे किंवा एलडीएल १९० च्या वर आहे, त्यांनी आहार करायचाच, पण गोळीच्या जोडीनं. गोळीनं एलडीएल ३० ते ५० टक्के उतरतं, जेवणाची मजल तिथवर जात नाही. गोळीवाचून जमवण्याची संधी आहे ती काठावरच्या आकड्यावाल्यांना, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली.

एक विचारायचं राहिलं. एक भाग जवाचं पीठ, दोन भाग ज्वारीचं, असं तुम्ही सांगितलंत. उकळत्या पाण्यात उकड काढूनही आमच्या ओळखीच्या घरांत भाकरी कडेनं चिरते आणि तव्यावर उलटताना मोडते. पीठ जुनं असतं म्हणून, की मळणं कमी पडतं? जमेल तेव्हा दोन ओळी कळवा.

आपले नम्र,
आहारतक्ते लिहिणारी मंडळी, कोल्हापूर