डिस्क झिजली नाही साहेब, गंजली आहे: रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुलं पत्र

मा. नितीन गडकरी साहेब,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री

साहेब, नमस्कार. मी रत्नागिरीचा, भाट्याच्या पुलापासून घर दहा मिनिटांवर. आमच्याकडे खिडकीच्या गजांना दर दोन वर्षांनी रंग द्यावा लागतो, पत्र्याचे खिळे गळून पडतात, मोटरसायकलची चेन दोन आठवडे उभी राहिली की लाल होते. खाऱ्या वाऱ्यात राहायचं तर हे चालायचंच, त्याची तक्रार नाही. तक्रार माझ्या कारच्या ब्रेक डिस्कची आहे, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ती लोखंडी तबकडी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबले की गाडी थांबते.

मागच्या गणपतीनंतर कोल्हापूरहून परत येत होतो, मागे आई आणि दोन्ही मुलं, आंबा घाट उतरताना पाऊस आणि धुकं, समोर ट्रक हळू झाला म्हणून ब्रेक दाबला तर मागून खर्रर्र असा आवाज आणि पायाखाली पेडल थडथडायला लागलं. गाडी थांबली, पण नेहमीसारखी नाही थांबली. साखरप्यापर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये उतरवली आणि आई सारखी विचारत होती काय झालं म्हणून, मी काहीच बोललो नाही. गाडी तेव्हा १९ महिन्यांची होती साहेब, १७ हजार किलोमीटर चाललेली.

दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी गॅरेज आहे तिथल्या मेस्त्रींनी मागची चाकं काढली. डिस्क बाहेरून बघितली तर बरी दिसत होती, आतली बाजू मात्र तव्यासारखी काळी-लाल, खड्डे पडलेली, पॅड फक्त दोन बोटं रुंदीच्या पट्ट्यावर टेकत होता, बाकी नुसता गंज. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर असतो, त्याची एक पिन जाम. मेस्त्रींनी व्हर्नियरने डिस्कची जाडी मोजली तर ८.३ मिलिमीटर भरली, आणि मग डिस्कचा काठ पुसून मला दाखवलं की तिथे कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, माझ्या डिस्कवर ८ होता, नवी असताना ती १० असते. म्हणाले, "दादा, ही लेथला लावून पण उपयोग नाही, फेसिंग मारून वरचा थर काढला की आठच्या खाली जाणार." मी १५ वर्षं गाडी चालवतोय आणि डिस्कवर असा आकडा असतो हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी तीन सर्व्हिसिंग झाल्या होत्या, तिन्ही जॉबकार्डवर ब्रेकसमोर टिकमार्क आणि 'ओके'.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. उत्तर मिळालं की डिस्क आणि पॅड वॉरंटीत बसत नाहीत, वेअर अँड टेअर आयटम आहे. दोन्ही मागच्या डिस्क, पॅड, मजुरी धरून साडेअकरा हजार गेले. पैशाचं जाऊ द्या. पण वेअर अँड टेअर म्हणजे घासून झिजणं ना? मी घाटात ब्रेक जास्त वापरले, डिस्क झिजली, तर खर्च माझा, हे मला मान्य आहे. माझी डिस्क नीट घासलीच गेली नाही म्हणून गंजली. वापरून संपलेली वस्तू आणि पडून सडलेली वस्तू एकाच नावाखाली कशी काय टाकतात? गंज लागलेल्या दरवाजाच्या पत्र्याला काही वर्षांची वेगळी वॉरंटी देतात, आणि ज्याच्यावर गाडी थांबते त्याला काहीच नाही?

तुम्हाला हे तांत्रिक सांगायची गरज नाही पण हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहितो. डिस्क असते बीडाची. बीड उष्णता चांगली खेचून घेतं, आवाज कमी करतं, स्वस्त पडतं, म्हणून जगभर तेच वापरतात, पण ते उघडं लोखंड आहे, रंग लावायची सोय नाही कारण पॅड तिथेच घासणार. रात्री पाऊस पडला तर सकाळी डिस्कवर जो पिवळा थर दिसतो त्याला घाबरायचं कारण नाही, पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो निघून जातो. त्रास होतो गाडी आठ-दहा दिवस ओली उभी राहिली की. आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात हवेत मीठ, त्यात महामार्गावर मासळीच्या गाड्यांतून बर्फाचं खारट पाणी गळत असतं ते सगळं चाकावर उडतं. पॅड जिथे टेकलेला असतो तिथे त्याचा छाप उमटतो, खड्डे पडतात, मग ते खड्डे पॅडला किसणीसारखे खातात आणि गंजाची पूड मध्ये अडकून डिस्कला चरे पाडते. मागच्या डिस्कचं जास्त वाईट, कारण ब्रेक मारला की वजन पुढे येतं, जास्त काम पुढची चाकं करतात, मागची डिस्क साफच होत नाही. त्यात पिन जाम झाली की एक पॅड कायम घासत राहतो आणि दुसरा कामच करत नाही. म्हणजे गंज आणि झीज दोन्ही एकाच चाकात.

यावर उपाय नाही असं नाही. युरोपात डिस्कच्या मधल्या भागाला आणि काठाला झिंकचं कोटिंग करून देतात, तिथून गंज आत सरकत नाही. अमेरिकेत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून जनरल मोटर्सने तर डिस्क भट्टीत ठेवून तिचा वरचा थरच कडक करायची पद्धत आणली, घासायच्या बाजूलासुद्धा, आणि त्याला दहा वर्षांच्या वर झाली. त्यांच्याकडे मीठ चार महिने, आमच्याकडे बारा महिने. आपल्याकडे पुण्यात एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही संस्था आहे, तुमच्याच खात्यासाठी गाड्या तपासते. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत, खाली गोवा, कारवार, केरळ, पलीकडे चेन्नई, विशाखापट्टणम, एवढ्या किनाऱ्यावर गाड्या विकताय तर डिस्क-कॅलिपरचा जोड किती दिवस खारं सहन करतो याची परीक्षा पास करूनच विका, हे सांगायला काय हरकत आहे.

आणि इलेक्ट्रिक गाड्यांचं तर लवकर बघा साहेब. तुम्ही स्वतः त्यांच्यासाठी एवढं बोलता, बरोबरच आहे, पण त्या गाड्यांत मोटरच गाडी हळू करते, त्यामुळे डिस्कला पॅड क्वचित लागतो, म्हणजे आमच्या हवेत ती अजून लवकर गंजणार. फोक्सवॅगनने आपल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांना मागे मुद्दाम बंद ड्रम दिले ते यासाठीच, ड्रममध्ये गंज लागायचा प्रश्न कमी. इथे लोक मागे डिस्क आहे का बघून महागडं मॉडेल घेतात, मीही तसंच केलं. शोरूममध्ये कोणी सांगत नाही की समुद्राजवळ राहत असाल तर आठवड्यातून दोनदा तरी रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, जोरात ब्रेक मारून डिस्क घासून घ्या, किंवा गाडी धुतल्यावर तशीच ओली लावू नका, एक चक्कर मारून आणा.

प्रायव्हेट गाडीचे ब्रेक आपल्याकडे रजिस्ट्रेशनची १५ वर्षं होईपर्यंत कोणीच सरकारी माणूस बघत नाही. पीयूसी होते, ती धुराची. टॅक्सी-टेम्पोला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस तपासणी असते, जर्मनीत खाजगी गाडीही तीन वर्षांनी पहिल्यांदा आणि मग दर दोन वर्षांनी तपासतात, आणि आम्ही मुलाबाळांना घेऊन घाट उतरतो ते एका टिकमार्कच्या भरवशावर. लगेच सगळ्यांना आरटीओच्या रांगेत उभं करा असं मी म्हणत नाही, ते लोकांना परवडणार पण नाही.

माझी मागणी त्याहून सोपी आहे. प्रत्येक सर्व्हिसिंगला चारही डिस्क मोजायच्या, आतून बाहेरून बघायच्या, आणि जॉबकार्डवर मिलिमीटरमध्ये आकडा लिहायचा, शेजारी कंपनीचा कमीत कमी आकडा. 'ओके' लिहायचं नाही. व्हर्नियरला दोन मिनिटं लागतात. असा आकडा हातात असता तर दुसऱ्या सर्व्हिसिंगलाच मला कळलं असतं, पिन साफ करून ग्रीस मारलं असतं तर बहुतेक डिस्क वाचली असती, निदान आईला घेऊन मी त्या घाटात शिरलो नसतो.

दुसरं, २०१९ च्या कायद्यात तुम्ही सदोष गाड्या परत बोलवायचं, म्हणजे रिकॉलचं कलम आणलंत, १ एप्रिल २०२१ पासून नियमही लागू झाले, सात वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार सरकारी पोर्टलवर करता येते. चांगलं काम आहे ते. पण काउंटरवरच 'वेअर अँड टेअर' म्हणून परत पाठवलं की माणूस बिल भरतो आणि घरी जातो, तक्रार कुठे पोचतच नाही, मग रिकॉलसाठी लागणारा तक्रारींचा आकडा भरणार कुठून? दोन-तीन वर्षांच्या आत डिस्क गंजून किमान जाडीजवळ आली तर तो दोष धरायचा आणि सर्व्हिस सेंटरनेच त्याची नोंद पोर्टलवर टाकायची, एवढं एक परिपत्रक काढा.

माझ्या जुन्या दोन्ही डिस्क मी भंगारात दिलेल्या नाहीत. गोणपाटात गुंडाळून पडवीत ठेवल्यात, सोबत तिन्ही जॉबकार्ड आहेत. तुमच्या खात्याने किंवा एआरएआयने मागितल्या तर मी स्वतः पुण्याला आणून देतो, मोजून घ्या.

आपला,
एक गाडीमालक, रत्नागिरी