कॉर्कहून पत्र: ताकातला ब्रेड

कॉर्क, आयर्लंड, १८ मार्च २०२६

प्रिय आई,

काल फोनवर तुला नीट सांगताच आलं नाही गं, मागे ओजूचा दंगा आणि तुझ्याकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेलेले. तू दोनदा विचारलंस की यीस्ट नाही तर हा सोडा ब्रेड फुगतो कसा, आणि मी दोन्ही वेळा "सांगते सांगते" करत राहिले. म्हणून आज बसून सगळं लिहितेय. आजीला वाचून दाखव, तिच्यासाठी पण एक गोष्ट आहे यात.

काल इथे सेंट पॅट्रिक्स डे होता. १७ मार्च, अख्ख्या देशाला सुट्टी, १९०३ सालापासून आहे म्हणे ही सुट्टी. सकाळी ओजूला हिरवा स्वेटर घालून, छातीवर शॅमरॉकची, म्हणजे तीन-तीन पानांच्या हिरव्या पाल्याची, जुडी लावून परेड बघायला ग्रँड परेड नावाच्या रस्त्यावर घेऊन गेलो, थंडी इतकी की नाक लाल झालं त्याचं. पण मला खरी ओढ घरी यायची होती कारण संध्याकाळी शेजारच्या आजी जेवायला येणार होत्या. त्या म्हणजे एक्क्याऐंशी वर्षांच्या, एकट्या राहतात, आणि मला सोडा ब्रेड शिकवला तो त्यांनीच.

जानेवारीत मी आपली आपण करायला गेले होते ते तुला सांगितलंच नव्हतं. नेटवर बघून पीठ भिजवलं आणि हाताला जी सवय तीच, कणीक मळतो तसं चांगलं दहा मिनिटं मळलं, वर ओला रुमाल टाकून अर्धा तास ठेवलं. बाहेर आला तो दगड. कापला तर आत चिकट, कच्चा, आणि जागोजागी पिवळे ठिपके, ते दाताखाली आले की साबणासारखी चव. इतकं वाईट वाटलं मला. कुंपणापाशी त्यांच्याकडे बोलले तर दुसऱ्या दिवशी त्या स्वतःची पिठाची चाळणी घेऊनच दारात हजर.

तर कसं ते ऐक. साडेचारशे ग्रॅम मैदा. इथे पाकिटावर क्रीम फ्लोअर लिहिलेलं असतं, मलईचा काही संबंध नाही, साधा मैदाच. त्यात चहाचा एक सपाट चमचा खाण्याचा सोडा, तसाच एक चमचा मीठ, आणि साडेतीनशे ते चारशे मिली ताक. बस, एवढंच. साखर नाही, अंडं नाही, लोणीसुद्धा आत नाही. सोडा मात्र चाळूनच घ्यायचा, गुठळी राहिली की ते पिवळे ठिपके येतात, माझं तिथेच चुकलं होतं. आणि बेकिंग पावडर नाही हां आई, खाण्याचा सोडाच.

पिठात मधे खड्डा करून जवळजवळ सगळं ताक एकदम ओतायचं, थोडं हाताशी ठेवायचं. मग एका हाताची बोटं ताठ आणि फाकवून, मांजराच्या पंजासारखी, भांड्यात गोल गोल फिरवायची. वीस-पंचवीस सेकंदांत पीठ गोळा होतं, मऊ, जरा चिकटच. आणि तिथेच थांबायचं! माझा तळवा सवयीने खाली दाबायला गेला तर त्यांनी माझं मनगट धरलं, "नो, गर्ल, लीव्ह इट अलोन." त्यांचा हात गार, सुरकुतलेला, पण पकड काय घट्ट. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की मळशील तेवढी पोळी मऊ, आणि इथे बरोबर उलटं. मळलं की ब्रेड चिवट होतो.

त्याचं कारण मी मग नीट समजून घेतलं. ताकाचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की लगेच गॅस सुटायला लागतो, ढोकळ्यात इनो घातल्यावर होतं तसं. तो गॅसच पीठ उचलतो, यीस्टसारखं तासन्‌तास वाट बघायचं कामच नाही. पण म्हणूनच थांबायचं पण नाही, भिजवलं की ओव्हन आधीच तापलेला हवा आणि गोळा थेट आत. मी अर्धा तास झाकून ठेवलं तेव्हा सगळा गॅस बाहेरच निघून गेला होता. आणि इथला गहू मुळातच मऊ, ताण कमी असलेला, इथल्या ओल्या थंड हवेत तसाच पिकतो. यीस्टच्या ब्रेडला तो फार साथ देत नाही, सोड्याला मात्र झकास चालतो. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात सोडा इथे आला आणि घराघरात हाच ब्रेड सुरू झाला. ताक तर घरोघरी होतंच, लोणी काढलं की मागे ताक उरणारच ना. आमच्या कॉर्कचा तर लोण्याचा बाजार एके काळी जगातला सगळ्यात मोठा होता, इथल्या शँडन भागात त्याचं म्युझियम आहे, तुम्ही आलात की दाखवते.

गोळा पिठावर टाकून हलक्या हाताने गोल करायचा, दीड इंच जाड ठेवायचा, आणि सुरीने वर खोल फुली मारायची, पार कडेपर्यंत. मग चारही भागांत सुरीचं टोक टोचायचं. का, तर आतल्या पऱ्यांना बाहेर जाऊ द्यायचं, नाहीतर त्या ब्रेड बिघडवतात! हे त्या अगदी गंभीरपणे सांगतात आणि मीही आता न चुकता टोचते. फुलीमुळे मधला जाड भाग नीट भाजला जातो ते आहेच. ओव्हन २३० वर पंधरा मिनिटं, मग २०० वर अजून अर्धा तास. काढला की उलटा करून पाठीवर बोटाने टकटक करायचं, पोकळ आवाज आला की झाला, बद्द आवाज आला तर परत आत. मग स्वच्छ पंच्यात गुंडाळून ठेवायचा म्हणजे वरचं कवच फार कडक होत नाही.

आता आजीची गोष्ट. शेजारच्या आजी वेस्ट कॉर्कच्या शेतावर वाढल्या. त्यांची आई हा ब्रेड बॅस्टिबलमधे करायची. बॅस्टिबल म्हणजे बिडाचं जाड, सपाट बुडाचं भांडं, वर झाकण. खाली टर्फचा विस्तव, टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा, शेण्यांसारख्या जळतात, आणि झाकणावर पण निखारे रचायचे. त्या हे हातवारे करून सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यासमोर आपली मागची पडवी उभी राहिली! आजी, तू काकडीचं धोंडस करायचीस तेव्हा टोपाच्या झाकणावर निखारे ठेवायचीस ना, आणि मी झाकण उघडायला गेले की चिमटा उगारायचीस. मी त्यांना तवसं, गूळ, तांदळाचा रवा सगळं सांगितलं. त्यांनी "वर निखारे?" असं दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग बराच वेळ माझा हात धरून बसल्या.

काल मंगळवार म्हणून मी मटण-बिटण काही केलं नाही. इथे या दिवशी बेकन आणि कोबी किंवा स्टू असतो, त्यांनीही समजून घेतलं. मी बटाटा आणि लीकचं सूप केलं, कोलकॅनन केलं म्हणजे कुस्करलेला बटाटा, त्यात शिजवलेला कोबी, कांद्याची पात आणि मधे खड्ड्यात वितळणारं लोणी, आणि ब्रेड. त्या या ब्रेडला केकच म्हणतात, अ केक ऑफ ब्रेड. मी मुद्दाम त्यांच्याच हाती सुरी दिली. त्यांनी पहिली जाड फोड कापली, नाकाशी नेली, बोटभर लोणी लावलं आणि खाऊन झाल्यावरच बोलल्या, "दॅट्स माय मदर्स." आई, मला काही बोलताच येईना. अमेयनेच मग विषय बदलला आणि सगळ्यांना सूप वाढलं.

बेदाणे घातलेला असतो त्याला स्पॉटेड डॉग म्हणतात, ओजूला तोच हवा असतो, पण तो चहाबरोबर खायचा, जेवणात साधाच.

उद्या पाडवा, त्यामुळे काल रात्रीच चक्का टांगला होता. खाली वाटीत आंबट पाणी जमलं ते टाकवेना, आज त्यातच थोडं दही घुसळून दुसरा ब्रेड टाकला तर काय सुंदर फुलला! म्हणजे तुला तर सहज जमेल, इथलं विकतचं ताक दाट असतं, तू आपलं पाणीदार ताक घेऊ नकोस, आंबट दही घे आणि जेमतेम पाणी घालून घुसळ. तुझ्या ओटीजीत निम्म्या मापाचा कर. नुसत्या कणकेचा जड होतो, घालायची तर निम्मी घाल. आणि त्याच दिवशी खा, दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, मग भाजूनच चांगला लागतो.

आजीला ओव्हनचं नको असेल तर आयर्लंडच्या उत्तरेकडे हाच गोळा जरा पातळ थापून, चार तुकडे करून तव्यावर भाजतात, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी आठ-दहा मिनिटं, फार्ल म्हणतात त्याला. आपल्या बिडाच्या तव्यावर मस्त होतील.

रविवारी केलास तर ब्रेड काढल्या काढल्या व्हिडिओ कॉल कर, फोन जवळ धर आणि पाठीवर टकटक करून आवाज ऐकव, झाला की नाही ते मी इथून सांगते. शेजारच्या आजींनाही बोलावून ठेवते.

पाडव्याला माझ्या नावाने गुढीला साखरेची गाठी घाल. बाबांना, आजीला नमस्कार.

तुझी,
मनू