एक तास काम केलं की झाला नोकरदार?

संपादक महोदय,
बेकारी कमी झाली अशी बातमी आली की आमच्या घरात हसूच येतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत आठवड्यात पैशासाठी 1 तास जरी काम केलं तरी माणूस बेकार नाही, आणि कंटाळून नोकरी शोधणंच सोडलं तरी तो बेकारांत मोजत नाहीत, मग उरलं कोण? माझा मुलगा पंचविशीतला, कॉन्ट्रॅक्ट 3 महिन्यांचं, संपायच्या आठवड्यात रात्री दोनदा उठून मेल चेक करतो की रिन्यू झालं का. मागच्या वेळी मधे एक दिवस ब्रेक देऊन परत घेतलं, म्हणजे सलग नोकरी दिसायला नको! पगार येतो पण बँक लोन देत नाही, घरमालक पण आधी पर्मनंट आहात का विचारतो, लग्नाचं तर बोलूच नका. फ्रेशर पाहिजे पण अनुभव 2 वर्षांचा, हे गणित मला तरी सुटलेलं नाही. पोरं आळशी झालीत म्हणणाऱ्यांनी एकदा त्याचा मोबाईल बघावा, केलेल्या अर्जांची लिस्ट स्क्रोल करून अंगठा दुखतो, उत्तरं आली मोजून चार. पुढच्या वेळी बेकारीचा आकडा छापाल तेव्हा शेजारी किती जणांची नोकरी वर्षभर टिकली तेही छापा ना.
- एक वाचक