रीफ टँकमधले दगड कृपया उकळू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या समुद्री अ‍ॅक्वेरियमवर लेख आला होता, बरं वाटलं वाचून, कारण नाशिकमध्ये रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) असलेला खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणारे आम्ही मोजकेच आणि आमच्या या उद्योगावर सहसा कोणी लिहीत नाही. फोटो पण झकास होते. पण शेवळाच्या चौकटीत जे उपाय दिलेत ना, की दगड बाहेर काढून उकळून घ्या, शेवाळ मारायचं औषध टाका आणि लाल थर आला तर मेडिकलमधून एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणा, ते तिन्ही मला पटलेले नाहीत आणि पहिला तर सरळ धोक्याचा आहे.

रीफ टँकच्या दगडावर नुसतं शेवाळ नसतं, बऱ्याचदा बटन पॉलिप, म्हणजे बटणासारखे दिसणारे मऊ समुद्री जीव, चिकटलेले असतात, झोआ म्हणा किंवा पॅलिथोआ म्हणा, त्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक आहे. साध्या उकळण्याने ते जात नाही, उलट वाफेबरोबर घरभर पसरतं. परदेशात असे दगड उकळल्यामुळे किंवा गरम पाण्याने घासल्यामुळे अख्खं कुटुंब हॉस्पिटलमध्ये गेल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत, ताप, छातीत दडपण, श्वास लागणं, तोंडात धातूसारखी चव. आणि आपल्याकडे उकळायचं म्हणजे स्वयंपाकघरातच ना, तिथेच घरातली पोरं अभ्यासाला बसलेली असतात. दगड घासायचाच असेल तर टँकमधलंच पाणी बादलीत काढायचं, हातात ग्लोव्ह्ज, डोळ्यांना गॉगल आणि ब्रश. आपण ही एवढी दुरुस्ती तरी त्याच चौकटीत छापावी ही विनंती, बाकीचं पत्र जागा नसेल तर कापलंत तरी चालेल.

आता औषध. शेवाळ मारायच्या बऱ्याच बाटल्या गोड्या पाण्याच्या टँकसाठी असतात आणि त्यातल्या काहींत तांबं असतं. तांबं म्हणजे काय हे नाशिककरांना सांगायला नको, द्राक्षबागेत बोर्डो मारतात त्यातला मोरचूद तोच. तिकडे तो बुरशी मारतो, इकडे गोगलगायी, कोळंबी, खेकडे आणि कोरल मारतो, म्हणजे शेवाळ खाणारी फौज आधी जाते आणि शेवाळ मागे राहतं! शिवाय तांबं दगडात आणि वाळूत मुरून बसतं आणि नंतर हळूहळू सुटत राहतं, त्यामुळे पाणी बदललं की झालं असं पण नाही. दुकानात विचारलं तर "टाका हो, काही होत नाही" असंच सांगतात, त्यांना बाटली विकायची असते.

मुळात शेवाळ येतं कशामुळे ते त्या चौकटीत कुठेच नव्हतं. पिंपळगाव-निफाडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, वेलीला 13:0:45 आणि 0:52:34 कशाला सोडता, तो सांगेल नत्र, स्फुरद, पालाश. शेवाळाला पण तेच नत्र आणि स्फुरद लागतं, टँकमध्ये आपण त्यांना नायट्रेट आणि फॉस्फेट म्हणतो, आणि ते कोणी गोणीतून ओतत नाही, माशांच्या खाण्यातून येतं. फ्रोझन मायसिसचा (माशांना घालायच्या बारीक कोळंबीसारख्या जीवांचा) क्यूब वितळलेल्या पाण्यासकट ओतला की त्यातलं पाणी म्हणजे खतच. दिवसातून चार वेळा चिमूट चिमूट खाणं टाकणाऱ्या आजोबांना थांबवणं हा खरं तर शेवळावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे पण घरात तो अमलात आणणं सगळ्यात अवघड (आमच्याकडे अजून जमलेलं नाही).

दुसरा रस्ता पाण्याचा आणि नाशिकमध्ये हा मोठा आहे. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात टँकमधून बदाबदा पाणी उडतं, वर फॅन लावला तर अजून जास्त, पण उडतं ते फक्त पाणी, मीठ आणि बाकी सगळं मागे राहतं, म्हणून भर घालताना जे काही विरघळलेलं येईल ते रोज साठत जातं. गंगापूर धरणाचं नळाचं पाणी प्यायला चांगलं असेल, टँकला नाही, आणि बोअरचं तर नकोच, आपल्याकडे खाली सगळा काळा पाषाण, त्या पाण्यात सिलिका असतेच आणि तपकिरी डायटमला (हे एक सूक्ष्म शेवाळ) तीच हवी असते. लोक म्हणतात आमच्याकडे किचनमध्ये आरओ आहे. अहो पण घरच्या बऱ्याच आरओमध्ये चवीसाठी टीडीएस (म्हणजे विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, मग मीटर लावला की शून्य काही दिसत नाही. टँकला आरओच्या पुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणारे दाणे, लागतं आणि मीटरवर शून्य दिसलं पाहिजे, शून्याच्या वर जायला लागलं की रेझिन बदलायचं. अर्थात नवीन टँकमध्ये सुरुवातीला डायटम येतातच, त्यांना घाबरायचं काही कारण नाही, ते काही आठवड्यांत आपोआप जातात.

आता इथे एक गंमत आहे जिच्यात भलेभले फसतात. टँकभर हिरवे केस (केसांसारखं लांब शेवाळ) वाढलेत आणि टेस्ट किट म्हणतंय फॉस्फेट शून्य. किट खोटं नसतं, पाण्यात येणारं फॉस्फेट शेवाळ लगेच खाऊन टाकतं म्हणून पाण्यात दिसत नाही. मग माणूस घाबरून जीएफओ, म्हणजे फॉस्फेट शोषणारे लोखंडाच्या ऑक्साइडचे दाणे, भरपूर टाकतो, पाण्यातलं फॉस्फेट उतरतं, पण दगड कॅल्शियम कार्बोनेटचा, त्याने आधी शोषलेलं फॉस्फेट तो आता परत पाण्यात सोडायला लागतो आणि हे महिनोन् महिने चालू शकतं. म्हणून औषधाने काहीच फरक नाही असं वाटतं. हळू करा, एवढंच म्हणणं आहे. फॉस्फेट एकदम खाली खेचलं तर कोरल पण झडतात.

आणि शून्य हे ध्येय नाहीच मुळी! नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही खरंच शून्यावर गेले की दुसरी पिडा येते, डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी चिकट शेंबडासारखे धागे आणि त्यात हवेचे बुडबुडे, गोगलगायी पटापट मरायला लागतात. यात पाणी अजून स्वच्छ करणं म्हणजे आगीत तेल, इथे उलट नायट्रेट वाढवावं लागतं, त्यासाठी लोक पोटॅशियम नायट्रेट टाकतात, म्हणजे रसायन बघितलं तर बागायतदाराचं 13:0:45च (अर्थात शेतीच्या गोणीतलं टाकू नका, शुद्ध आणा). साधारण नायट्रेट २ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ च्या मध्ये ठेवलं की बहुतेक टँक सुखात असतात. डायनो आहेत की डायटम हे ओळखायला थोडा चिखल पाण्यात हलवून कॉफी फिल्टरमधून गाळायचा आणि गाळलेलं पाणी उजेडात ठेवायचं, तासाभरात परत धागे जमले तर डायनो समजा. शाळेच्या लॅबमधला मायक्रोस्कोप मिळाला तर अजून उत्तम, कारण डायनोतला ऑस्ट्रिऑप्सिस हा प्रकार असेल तर तो रात्री पाण्यात सुटतो आणि यूव्ही लाइटने मरतो, अ‍ॅम्फिडिनियम असेल तर तो वाळूतच बसून राहतो, यूव्हीचे पैसे पाण्यात. म्हणजे आधी नाव कळलं पाहिजे आणि मग उपाय, आपल्या चौकटीत सगळ्याला एकच नाव होतं, शेवाळ.

लाल थर तर शेवाळ नाहीच, तो सायनोबॅक्टेरिया, म्हणूनच एरिथ्रोमायसिनने मरतो. पण ते डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊच नये असं औषध आहे आणि वर्तमानपत्राने लोकांना ते मेडिकलमधून आणायला सांगावं हे काही बरोबर वाटलं नाही. शिवाय थर एकदम मरून सडला की पाण्यातला ऑक्सिजन उतरतो आणि रात्रीत मासे जातात. पाइपने थर ओढून घ्यायचा, तिथे पाण्याचा फ्लो वाढवायचा, स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) साफ ठेवायचा, काम होतं. हिरव्या केसांचं पण तसंच, आधी हाताने उपटायचे आणि मग टर्बो किंवा ट्रोकस गोगलगायी सोडायच्या, कारण लांब वाढलेले केस त्या खात नाहीत, त्यांना कोवळं खुरटं लागतं.

लेखात ओघात असं पण आलंय की कोकणात गेलात तर किनाऱ्यावरचे दगड आणता येतील. त्या दगडांत दगडी कोरलचे पण असू शकतात आणि दगडी कोरल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघ आहे त्याच. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कोरडे सिरॅमिकचे दगड मिळतात, त्यावर भागतं.

शेवटी गोदावरीबद्दल. सांडपाण्यातलं तेच नत्र आणि स्फुरद खाऊन नदीत पाणवेली फोफावतात आणि खाली नांदूरमध्यमेश्वरपर्यंत जातात, ज्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा आहे. पाणवेली काढतात तेव्हा त्यांच्याबरोबर खत पण पाण्याबाहेर येतं, हे काम चांगलंच आहे, फक्त काढलेला ढीग काठावरच सडू दिला तर पावसाचं पाणी ते सगळं परत नदीत नेऊन सोडतं. टँकवाले हेच काम कीटो नावाच्या शेवळाकडून करून घेतात, खालच्या टाकीत लाइट लावून ते मुद्दाम वाढवायचं आणि दर थोड्या दिवसांनी मूठभर काढून टाकायचं. काढलेलं कुंडीत घालू नका, खारट असतं, झाडं मरतात, सरळ घंटागाडीत ओल्या कचऱ्यात द्या, आणि अँटिबायोटिक टाकलेलं पाणी बाथरूममध्ये ओतलं तर ते गटारातून नदीकडेच जातं हे पण त्या चौकटीत असायला हवं होतं.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक