बर्फातल्या वाटेवर भेटलेल्या काकूंना

आदरणीय काकू,

सादर नमस्कार.

गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक पर्वतांत, मार्सी डॅम या ठिकाणाहून परतताना माझा पाय मांडीपर्यंत बर्फात रुतला आणि तोंडून निघालेले ‘आई गं’ ऐकून पुढे गेलेल्या आपण मागे वळलात. त्या दिवसाबद्दल आणि त्यानंतर आपण आम्हा दोघांना दिलेल्या वेळेबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे, कारण सह्याद्रीत भरपूर हिंडलो आहोत या भरवशावर इकडच्या हिवाळ्यात डोंगरात शिरणारी मराठी माणसे आमच्याखेरीजही आहेत, आणि आपण आम्हाला जे शिकवलेत ते त्यांना रुतण्याआधी कळावे असे मला मनापासून वाटते.

त्या सकाळी वाट दगडासारखी कडक होती, साध्या ट्रेकिंगच्या बुटांनी आम्ही झपाझप गेलो. दुपारी ऊन चढल्यावर तोच बर्फ मऊ पडला आणि भाताच्या खाचरात रुतावा तसा पाय एकेका पावलाला आत जाऊ लागला. आपण माझ्या बुटाभोवतीचा बर्फ हाताने उकरलात, मला उभे केलेत, आणि मग आमच्या मागची वाट दाखवलीत. तिथे आम्ही पाडलेल्या खड्ड्यांची रांग होती. रात्री हे खड्डे गोठतात आणि उद्या पहाटे येणाऱ्याचा घोटा त्यात मुरगळतो, हे आपण न रागावता सांगितलेत. हाय पीक्सच्या, म्हणजे ॲडिरॉन्डॅकमधल्या उंच शिखरांच्या, त्या भागात जमिनीवर आठ इंच किंवा त्याहून जास्त बर्फ असेल तर स्नोशू (बुटाखाली बांधायच्या रुंद, चपट्या चौकटी) किंवा स्की वापरणे नियमानेच बंधनकारक आहे, हेही मला तेव्हाच कळले. स्नोशू आपण बुडू नये म्हणून घालायचे असतात एवढीच माझी समजूत होती. ते मागून येणाऱ्यासाठीही घालायचे असतात, हे त्या खड्ड्यांकडे पाहताना पहिल्यांदा उमगले.

पुढच्या डिसेंबरात मी स्नोशू विकत घेऊन आपल्या घरी आले. जितके मोठे तितके चांगले, असे दुकानात सांगितले गेले होते आणि मी तीस इंची जोड उचलली होती. आपण माझे वजन विचारलेत, माझी पाठपिशवी हातात तोलून पाहिलीत आणि अंगावरचे कपडे, बूट, पाणी, जेवण मिळून जे होईल तेच खरे वजन धरायचे, असे सांगितलेत. माझे ते सारे मिळून बासष्ट किलोंच्या आसपास भरते. ती जोड माझ्या दीडपट वजनाच्या माणसाला शोभणारी होती. उघड्या माळावर, ताज्या भुसभुशीत बर्फात, मोठ्या स्नोशूंचा उपयोग होतो. पण इथल्या अरुंद, झाडीतल्या, चढाच्या वाटांवर ते एकमेकांवर पडतात आणि माणूस स्वतःच्याच पायात अडखळतो. आपण आपली जुनी बावीस इंची जोड मला दिलीत. खोल बर्फ असेल त्या दिवशी मागे शेपटीसारखी जोडपट्टी लावता येते, हेही दाखवलेत.

बाइंडिंग, म्हणजे बूट स्नोशूला जखडणारे पट्टे, बांधायला आपण अंगणात शिकवलेत, तो अर्धा तास माझ्या डोळ्यांपुढे आहे. चवडा बरोबर बिजागरीच्या वर, बकले बाहेरच्या बाजूला, आधी बोटांवरचा पट्टा, मग पायाच्या वरचा, शेवटी टाचेचा. टाच मोकळी उचलली गेली पाहिजे, पण चवडा इकडेतिकडे सरकता कामा नये. आपण माझा पाय धरून जोरात हलवलात आणि पट्टा एक भोक पुढे घेतलात. दहा मिनिटे चालून पुन्हा थांबायचे आणि पट्टे परत आवळायचे, कारण बुटावरचा बर्फ दबला की ते सैल पडतात. ही सवय आता माझ्या अंगवळणी पडली आहे.

सर्वांत कठीण गेले ते उतरणे. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरताना आपण पाऊल आडवे टाकतो, कडेवर भार देतो. ती सवय इतकी मुरलेली की पहिल्या उतारावर मी तसेच केले आणि सरळ खाली घसरत गेले. स्नोशूचे पोलादी दात तळाला असतात, म्हणून पाऊल पूर्ण सपाट पडले तरच ते बर्फात धरतात. गुडघे किंचित वाकवून, भार टाचांकडे ठेवून, छोटी पावले टाकत उतरायचे, हे आपण माझ्या पुढे चालून दाखवलेत. चढावर टाचेखालची तार उभी केली की पोटरीवरचा ताण किती कमी होतो, तेही मला त्याच दिवशी कळले. मागे पाऊल टाकायचे नाही, वळायचे तर मोठा फेर घेऊन वळायचे, आणि बर्फाखाली गाडल्या गेलेल्या स्प्रूसच्या झाडांजवळ जायचे नाही, कारण त्यांच्या फांद्यांखाली पोकळी असते. हे सारे आपण इतक्या शांतपणे सांगत होतात की थंडीची आठवणही राहिली नाही.

फेब्रुवारीत आम्ही दोघे फेल्प्स शिखराच्या माथ्यावर, 4161 फुटांवर, पोहोचलो. माथ्यावरून मार्सी शिखर दिसले. परतताना मी मुद्दाम मागे पाहिले. आमच्या मागची वाट सपाट होती, एकही खड्डा नव्हता. आपल्याला हे सांगायचेच होते.

आपल्या जोडीचा डावा टाचेचा पट्टा चिरत चालला होता, तो मी नवा बसवला आहे. दातांवरचा गंज घासून काढला आहे. येत्या रविवारी जोड घेऊन येते. आईने पाठवलेले मेतकूटही सोबत आणते.

आपली कृतज्ञ,
मार्सी डॅमच्या वाटेवर रुतलेली मुलगी