इस्त्रीखाली दाबलेली मॅट

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा व्हिडिओ कॉलवर आई, तू फोन ओट्याला टेकवून हात धुवायला वळलीस, तेव्हा मला खाली जमिनीवर ती दिसली. मीच दोन वर्षांपूर्वी पाठवलेली, ओट्यापुढे उभं राहायची मॅट. एक कोपरा सुकलेल्या पानासारखा वर वळलेला आणि तो दाबून धरायला त्यावर जुनी लोखंडी इस्त्री. विचारलं तर म्हणालीस, "चांगलं आहे की तुझं पायपुसणं, जरा बसलंय इतकंच." मग मागून बाबांनी सांगितलं, त्या कोपऱ्याला ते दोनदा अडखळले. दोनदा! आणि मला हे कळलं ते इस्त्री दिसली म्हणून.

चूक माझीच आहे. घेताना मी ती अंगठ्याने दाबून बघितली, सगळ्यांत मऊ लागली, घेतली. हात काय दाबतो आणि दोन पायांवर उभं माणूस काय दाबतं, यातला फरक मला कळायला हवा होता. माझा तर दिवसच उभ्याने जातो.

ती मॅट ईव्हीए फोमची होती. लहान मुलांच्या खेळायच्या चौकोनी फरश्या असतात ना, एकमेकींत अडकवायच्या, त्याच जातीची. वजनाला हलकी, पाणी आत न शिरणारी, वाईट अजिबात नाही. पण फोम म्हणजे शेवटी हवेचे बारीक बारीक बुडबुडे. रोज त्याच जागी तेच वजन पडलं की बुडबुड्यांतली हवा हळूहळू निघून जाते, भिंती वाकतात त्या वाकलेल्याच राहतात. आई, तुझ्या मॅटवर दोन पावलांचे खड्डे पडलेत, हे मला फोनवरूनही दिसलं. त्या खड्ड्यांत तू आता मॅटवर उभी नाहीसच, जवळजवळ फरशीवरच उभी आहेस.

मॅट नेमकं करते काय, ते सांगते, म्हणजे पुढचं पटेल. एका जागी ताटकळत उभं राहिलं की पोटऱ्यांचे स्नायू सतत ताणलेले राहतात. चालताना ते आवळतात, सैल होतात आणि त्या दाबाने पायातलं रक्त वर ढकललं जातं. नुसतं उभं राहिलं की हे काम मंदावतं, म्हणून संध्याकाळी पाय जड होतात. पायाखाली किंचित दबणारं काही असलं, तर पाऊल नकळत स्वतःला सावरत राहतं, स्नायू थोडे थोडे हलत राहतात. मॅटचं श्रेय एवढंच. तिने पाय कमी दुखतात, दुखणं बरं होत नाही. पण ती दबली पाहिजे आणि लगेच उलट वर आली पाहिजे. नुसती दबणारी मॅट म्हणजे कोरडी वाळू, तिच्यात पाऊल रुततं आणि माणूस जास्तच दमतं. म्हणूनच आई, कुणी उशीवाल्या मेमरी फोमची मॅट सुचवली तर नको म्हण. तो फोम १९६० च्या दशकात नासाच्या कामातून विमानातल्या सीटसाठी निघाला. बसलेल्या माणसाला तो छान आहे. त्याचा गुणच सावकाश वर येण्याचा, आणि उभ्या माणसाला नेमकं तेच नको असतं.

आमच्या कामाच्या ठिकाणी कापड कापायच्या टेबलांपुढे तीन प्रकारच्या मॅट झाल्या आहेत, तिन्हींवर मी उभी राहिले आहे. पहिली पीव्हीसी स्पंजची. पहिले काही महिने सुख. मग टेबलाच्या मधोमध, जिथे सगळ्या जणी उभ्या राहतात, तिथे ती कडक आणि चपटी झाली. पीव्हीसी मुळात कडक प्लास्टिक, त्यात मऊपणासाठी तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं, ते निघून जाईल तसा मऊपणाही जातो. दुसरी साध्या रबराची, काळी, जड. पायाला ती खरंच छान होती, रबराइतकं उलट ढकलणारं दुसरं फारसं काही नाही. पण शिलाई मशिनींच्या बाजूला तिच्यावर मशीनचं तेल ठिबकायचं. तिथे ती फुगली, चिकट झाली, आणि एक दिवस माझ्या चपलेबरोबर तिचा पोपडाच उचलून आला. साध्या रबराला तेल चालत नाही. तेलाच्या जागी नायट्राइल रबर लागतं, ते तेलाला दाद देत नाही, फक्त पायाला जरा कडक लागतं.

तिसरी पॉलियुरेथेनची, अखंड साच्यात ओतलेली. वर घट्ट कातडी, आत फोम, कडा मुळातच उतरत्या. एवढी वर्षं झाली, अजून अंगठा दाबून काढला की खळगा राहत नाही. आई, तुझ्यासाठी मी हीच ठरवली आहे. (बाबा, तुमच्यासाठी माहिती: पॉलियुरेथेन १९३७ साली ऑटो बायर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शोधलं. रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करायची युक्ती चार्ल्स गुडइयर या अमेरिकन माणसाला सापडली ती १८३९ मध्ये. म्हणजे ओट्यापुढचा हा वाद तसा जुना आहे.)

तिच्यातही एक खोड आहे. बाबा, तुमचे ते कपाटात जपून ठेवलेले बूट आठवतात? लग्नाला म्हणून काढले आणि चार पावलांत तळ चुरा होऊन गळाला. असे तळ बऱ्याचदा पॉलियुरेथेनचेच असतात. त्याचा पॉलिएस्टर जातीचा प्रकार दमट हवेत हळूहळू फुटतो. पॉलिइथर जातीचा पाण्यापुढे जास्त टिकतो, म्हणून मी तो विचारून घेणार आहे. तरी आई, आठवड्यातून एकदा मॅट उभी करून खालची ओल पुसून घे. साध्या साबणाच्या पाण्याचं फडकं पुरे, मशीनमध्ये घालायची नाही. नवी आली की वास येईल, दोन दिवस खिडकीपाशी सावलीत ठेव. उन्हात नको.

जेलवालीचा विचार केला होता. पायाला फार बरी वाटते, पण सुरीचं टोक पडून वरचं आवरण फाटलं तर आतलं जेल बाहेर येतं. तुझ्या हातून सुरी पडते, हे मी लहानपणापासून बघते आहे.

जाडी साधारण दीड ते दोन सेंटीमीटर. त्याहून जाड मागू नका, जास्त जाड म्हणजे जास्त आराम असं नसतं. घोटा डगमगायला लागतो.

बाबा, आता तुमचं. सुतारकामाच्या टेबलापुढेही एक टाकून दे म्हणालात. मी नाही देणार, रागावू नका. मागच्या वेळी आले होते तेव्हा तुम्ही बैठकीतून आत आलात आणि एक चप्पल दाराशीच राहिली होती. तुम्हाला पत्ताच नव्हता, आईने दाखवल्यावर खाली बघितलंत. रक्तातल्या वाढलेल्या साखरेमुळे पावलांची जाणीव कमी होते ती अशी. आपण उभं राहताना तोल तीन गोष्टींवर सांभाळतो: डोळे, कानाच्या आतलं इंद्रिय आणि पावलांना व सांध्यांना कळणारी जमीन. तोलाची तपासणी करताना माणसाला मुद्दाम फोमच्या तुकड्यावर उभं करतात, कारण मऊ जमिनीवर पावलांची खबर पुसट होते आणि तोल कुठे कमी पडतो ते उघडं होतं. जी गोष्ट तपासणीत अवघड म्हणून वापरतात, ती मी तुमच्या पायाखाली घालू, तेही हातात पटाशी असताना? तुम्हाला उंच स्टूल हवं, पाय टेकायला आडवी पट्टी असलेलं, आणि टाच बांधलेले, निसटणार नाहीत असे घट्ट तळाचे बूट. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा चपलेची गोष्ट त्यांना सांगा. "पाय ठीक आहेत" असं म्हणून उठू नका.

म्हणून आईची मॅटही पूर्ण ओटाभर लांब घेत नाही. सिंकपुढे एक, छोटी. बाबा मागच्या दाराकडे जातात ती वाट मोकळी राहायला हवी. कडा उतरत्या असल्या तरी रंग फरशीपेक्षा वेगळा घेते आहे, म्हणजे रात्री दिव्याशिवाय उठलात तरी अंधुक उजेडात ती नजरेत येईल. हो, तुम्ही दिवा लावत नाही, मला माहीत आहे.

माझी दोन कामं करा. बाबा, सिंकपुढची मोकळी जागा टेपने मोजा, कपाटाचं दार उघडून मोजा, नाहीतर दार मॅटला अडेल. आणि आई, तिथे अजून ते प्लास्टिकचं फ्लोअरिंग अंथरलेलं आहे का ते कळव. असेल तर रबराची पाठ असलेली मॅट चालणार नाही, रबरातली द्रव्यं त्यात उतरतात आणि पिवळा डाग पडतो. तो घासून जात नाही.

जुनी मॅट आजच काढा. नवी येईपर्यंत ठेवू, जपून वापरू, असं काही नको. तोवर आई, तू घरात जाड तळाची चप्पल घाल, आणि भाजी निवडणं, चिरणं बसून कर. जुन्या मॅटची घडी करून माळ्यावर टाकशील, तेही नको, फेकूनच दे. आणि ती इस्त्री तिथून उचला, तिला अडखळलात तर मॅटपेक्षा वाईट.

तुमची,
ताई