थर्मल ब्रेकचे पैसे घेतले, मग ती काळी पट्टी कुठंय?

प्रति,
सर्व्हिस मॅनेजर साहेब,

विषय : पश्चिमेकडच्या खिडक्या आणि स्लायडिंग डोअर, ऑर्डर एक आणि बसवलं दुसरंच

नमस्कार,

फोनवर दरवेळी नवीन माणूस येतो आणि सगळं रामायण पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहूनच पाठवतोय. नागपूरला बेसा भागात आमचं नवीन घर आहे, त्याच्या पश्चिमेकडच्या बेडरूमच्या खिडक्या आणि हॉलचा मोठा स्लायडिंग डोअर तुमच्याकडून घेतला. कोटेशनमध्ये तुम्हीच लिहिलंय : थर्मल ब्रेक सेक्शन (मधे उष्णता तोडणारी पट्टी असलेली फ्रेमची ॲल्युमिनियम पट्टी), २४ एमएम डीजीयू (मधे गॅप ठेवून सील केलेली डबल काच), बाहेरची काच ६ एमएम टफन सोलर कंट्रोल लो-ई (ऊन-उष्णता परतवणारं पातळ कोटिंग असलेली), मधे १२ एमएम गॅप, आतली ६ एमएम क्लिअर टफन. शेजाऱ्यांनी साधा डोमल, म्हणजे नेहमीचा ॲल्युमिनियम सेक्शन आणि सिंगल काच लावली, त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त रेट आम्ही मोजला, वर १८ टक्के जीएसटी वेगळा.

एवढा रेट का दिला ते पण सांगतो. तुमच्या शोरूममध्ये सेक्शनचा कापलेला सॅम्पल हातात दिला होता, बाहेरचं ॲल्युमिनियम वेगळं, आतलं वेगळं, आणि दोन्ही जोडणाऱ्या मधे काळ्या पॉलिअमाइडच्या पट्ट्या. ॲल्युमिनियम ऊन सरळ आत आणतं, ही पट्टी ती वाट तोडते, असं तुमच्या माणसाने समजावलं आणि ते बरोबरच आहे, ॲल्युमिनियमच्या मानाने पॉलिअमाइडमधून उष्णता पाचशेक पट कमी जाते. आर्किटेक्टनेही मान डोलावली, आम्ही ॲडव्हान्स दिला.

मग आला मे. नागपूरचा मे म्हणजे ४५ च्या घरात पारा, त्यात नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस. दुपारी चारला बेडरूमच्या खिडकीच्या फ्रेमला आतून हात लावला तर ठेववेना, आणि एसी २० वर लावूनही खोली काही गार होईना. तुमच्या एक्झिक्युटिव्हचं उत्तर, "सर, ॲल्युमिनियम आहे, गरम तर होणारच." अहो, ते गरम होऊ नये म्हणूनच तर त्या पट्टीचे पैसे घेतलेत ना तुम्ही!

तुमचे फिटिंगवाले गच्चीवर सेक्शनचा एक तुकडा टाकून गेले होते, गवंड्याने तो टाकीच्या झाकणाखाली टेकू म्हणून लावला होता. तो काढून टोकाकडून बघितला. सगळं एकसंध ॲल्युमिनियम, आत पोकळ खण, काळी पट्टी कुठेच नाही. तुकडा दुसऱ्या साइटचा असेल असं म्हणाल, म्हणून पल्ला उघडून फ्रेमच्या खाचेत टॉर्च मारून पण बघितलं, तिथेही पट्टी नाही. पावडर कोटिंगचा रंग तोच, रुंदी तीच. दोन्हीचे फोटो जोडलेत.

काचेची गोष्ट त्याहून वाईट आहे, आणि माझं खरं दुखणं तेच आहे. आर्किटेक्टने सांगितलेली साधी टेस्ट केली, रात्री आतून काचेसमोर लायटर धरला. डीजीयूमध्ये ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात, लो-ई कोटिंग बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला असेल तर आपल्याकडून तिसरी ज्योत वेगळ्या रंगाची दिसायला पाहिजे. आमच्या चारही एकसारख्या पिवळ्या. म्हणजे बाहेर पण क्लिअर, आत पण क्लिअर.

याने काय फरक पडतो म्हणाल तर हिशोब बघा. आमची एक खिडकी साधारण ३ चौरस मीटर, पश्चिमेच्या उभ्या काचेवर मेमध्ये दुपारनंतर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन सहज पडतं. क्लिअर डीजीयूचा एसएचजीसी, म्हणजे पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते तो आकडा, ०.७ च्या आसपास, म्हणजे हजारेक वॅट गर्मी आत, उन्हाळ्यात रूम हीटर लावून बसल्यासारखं. तुमच्या डेटाशीटमध्ये ०.२८ लिहिलंय, त्याने सव्वाचारशेच्या आतच राहिलं असतं. नुसती डबल काच यू व्हॅल्यू (आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकाने काचेतून किती उष्णता जाते तो आकडा) ५.७ वरून २.८ पर्यंत आणते हे खरं, पण ऊन ती अडवत नाही, आणि नागपूरला ऊनच तर अडवायचं असतं. इको निवास संहिता २०१८ या घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत आरईटीव्ही (भिंती-खिडक्यांतून घरात येणाऱ्या उष्णतेचा आकडा) १५ च्या आत ठेवायला सांगितलंय, आमच्या प्लॉटला ते सक्तीचं नाही तरी आर्किटेक्टने तुमचा ०.२८ चा आकडा धरून सगळं गणित बसवलं, मोठी खिडकी ठेवली. तेव्हाच खरं कळलं असतं तर खिडकीच लहान ठेवली असती नाहीतर वर चांगला रुंद छज्जा काढला असता.

आता बाकीचं. बेडरूमच्या एका खिडकीत दोन काचांच्या मधे वाफ धरते, सकाळी खालच्या कोपऱ्यात स्पेसरजवळ (दोन काचांमधल्या कडेच्या पट्टीजवळ) थेंब दिसतात. तुमचा टेक्निशियन बाहेरून पुसून बघतो आणि "क्लीनिंग करा" म्हणतो, आतल्या बाजूची काच बाहेरून कशी पुसायची हे मात्र त्याने दाखवलं नाही. सील गेलंय, ती डीजीयू बदलावीच लागते. आणि स्लायडिंग डोअरच्या ट्रॅकमधून पहिल्याच पावसात पाणी आत आलं, कारण तुमच्याच माणसाने गळती बंद करायची म्हणून सिलिकॉनची गन घेऊन बाहेरची वीप होल्स, म्हणजे ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायची भोकं, बुजवून टाकली! पाणी जायची भोकंच बंद केली तर ते घरातच येणार ना, हॉलचं लाकडी फ्लोरिंग कडेने फुगलंय. ती भोकं आम्ही तारेने मोकळी केली तेव्हा पाणी थांबलं.

रोलर, लॉक, जाळीचा पल्ला याबद्दल काही म्हणणं नाही, ते छान चालतंय.

आम्हाला पाहिजे ते असं. आमच्या ऑर्डरला कोणत्या सेक्शन नंबरचा माल आणि कोणत्या कोडची काच पाठवली ते डिस्पॅचच्या कागदासकट लेखी द्या. मग पश्चिमेकडच्या सगळ्या खिडक्या आणि डोअर कोटेशनप्रमाणे बदलून द्या, फ्लोरिंगचा खर्च धरून. "फिल्म लावून देतो" ही ऑफर फोनवर आली होती, ती नको, लो-ई चे पैसे घेऊन वरून फिल्म चिकटवणं म्हणजे थट्टा झाली. आणि वॉरंटीत "नैसर्गिक तापमानामुळे होणारे बदल" वगळलेत असं सांगू नका, तक्रार तापमानाची नाहीच, न दिलेल्या मालाची आहे.

१५ दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकतो आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जातो, आमची रक्कम ५ लाखांच्या आत आहे त्यामुळे तिथे फी पण लागत नाही. कोटेशन, बिल, शोरूममधल्या सॅम्पलचा फोटो आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं सगळं जपून ठेवलंय.

माणूस पाठवणार असाल तर दुपारी चारनंतर पाठवा, आणि ज्याला सेक्शन वाचता येतो असा पाठवा. गच्चीवरचा तो तुकडा मी कपाटात ठेवलाय, तो दाखवीन पण देणार नाही.

आपला,
एक ग्राहक, नागपूर

सोबत : फोटो, कोटेशन आणि बिलाची कॉपी